उरलेले देणे

हजचा इरादा केला की माणसाने आधी आपली देणी आठवावीत, असे आमच्या घरची वडीलधारी मंडळी सांगत. कोणाचे उसने आणले असेल ते परत करावे, कोणाचे मन दुखावले असेल त्याची माफी मागावी आणि मगच अर्जाला हात घालावा. २०२३ साली शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही पती-पत्नी कागद घेऊन बसलो आणि अशी एक यादी केली. यादी फार लांब नव्हती. घर बांधताना मेहुण्याकडून घेतलेली रक्कम, एका दुकानदाराचा जुना हिसाब, दोन पुस्तके. शेवटी आम्ही एक ओळ लिहिली : ‘सिरोंचा, बँक, ओव्हरड्राफ्ट, दहा-अकरा हजार.’ पत्नीने ती वाचली आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले.

“हे अजून आहे?”

आहे, हे आम्हाला सोळा वर्षे ठाऊक होते.

सिरोंचा हे गडचिरोली जिल्ह्याचे दक्षिण टोक. तेथे प्राणहिता गोदावरीला मिळते. नदीपलीकडे तेव्हा आंध्र होता, २०१४ पासून तेलंगणा आहे. बाजारात तेलुगू, शाळेत मराठी आणि आमच्या घरात मोडकी उर्दू, अशी तीन भाषांची आमची दिनचर्या असे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही शिकवत होतो. २००४ साली अब्बांच्या ऑपरेशनसाठी नागपूरला जायचे होते. बँकेने पगाराच्या खात्यावर पंचवीस हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मंजूर केला. अट एकच : कायम नोकरीतला एक जामीनदार हवा. शाळेतलेच एक सहकारी गुरुजी, अहेरीकडचे, गोंड समाजातले, त्यांना विचारले. ते घरी निघाले होते. सायकलच्या सीटवर फॉर्म ठेवून त्यांनी सही केली आणि रक्कम किती हे न विचारता पॅडल मारले.

२००७ च्या उन्हाळ्यात आमची आंतरजिल्हा बदली होऊन आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात आलो. नवा जिल्हा, नवी आस्थापना, त्यामुळे पगारासाठी नव्या बँकेत नवे खाते. बदली झालेल्या कर्मचाऱ्याबरोबर अंतिम वेतन प्रमाणपत्र जाते. कार्यालयाकडून होणाऱ्या सगळ्या कपाती त्यावर लिहिलेल्या असतात. ओव्हरड्राफ्टची वसुली मात्र पगार खात्यावर जमा झाला की आपोआप होत असे, कार्यालयाचा तिच्याशी संबंध नव्हता. पगार त्या खात्यावर येणे थांबले आणि वसुलीही थांबली. पासबुकात तेव्हा उणे ११,३४० रुपये होते. पुढच्या वर्षी बँकेचे एक पत्र आले. आम्ही ते वाचले, घडी घातली आणि कपाटाच्या खणात ठेवले.

इथपर्यंतची गोष्ट सामान्य आहे. नोकरी बदलली, गाव बदलले, बँक बदलली आणि मागे काही उरले, हे हजारोंच्या बाबतीत घडते. त्या उरलेल्या रकमेवर पांघरूण घालण्यासाठी आम्ही जी कारणे गोळा केली त्यांची हकिगत आम्हाला सांगायची आहे, कारण ती कारणे आमच्या एकट्याची नाहीत. आपल्या बैठकांमध्ये ती आम्ही अनेकदा ऐकली आहेत आणि मान डोलावली आहे.

पहिले कारण व्याजाचे. बँकेच्या पत्रात मुद्दल, व्याज आणि दंडव्याज एकत्र करून आकडा दिला होता. व्याज हराम. मग हा आकडाच अपवित्र, आणि अपवित्र आकड्याला उत्तर देण्याची जबाबदारी मोमिनावर नाही! ही युक्ती आम्हाला इतकी आवडली की आम्ही कोणा जाणकाराला विचारायलाही गेलो नाही. विचारले नाही, कारण उत्तर माहीत होते. सूरह अल-बकरामध्ये रिबाच्या निषेधाच्या आयती आहेत. त्यांतल्या २७९ व्या आयतीत दोन्ही बाजूंना एकाच दमात सांगितले आहे : व्याज सोडा, पण मूळ रक्कम देणाऱ्याचीच राहते, कोणी कोणावर जुलूम करायचा नाही. आम्ही त्या आयतीचा अर्धाच भाग घरी आणला होता. ऋणको म्हणून जो भाग आपल्या सोयीचा तेवढाच. शिवाय एक प्रामाणिक प्रश्न आम्ही स्वतःला कधी केला नाही : ओव्हरड्राफ्ट घेताना व्याज लागणार हे ठाऊक होते, तेव्हा हरामची आठवण का झाली नाही? अब्बांचे ऑपरेशन होते, मजबुरी होती, हे खरे. पण मजबुरी घेताना होती. फेडताना ती उरली नव्हती. सहावा वेतन आयोग लागू होऊन आम्हाला थकबाकीही मिळाली होती.

दुसरे कारण अधिक आधुनिक आहे. हुकूकुल इबाद म्हणजे बंद्यांचे हक्क, अल्लाहही बंद्याच्या वतीने ते माफ करत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण बँक हा बंदा थोडाच आहे? तिला ना पोट, ना लेकरे. तिला आपण कोण हे आठवतही नाही. बँकेला स्वतःचे नावही आठवत नाही, असे आम्ही गमतीने म्हणत असू. आमची बँक ती नव्हे, पण आपल्या भागातल्या ग्रामीण बँकेचे उदाहरण घ्या. वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँक २०१३ साली विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत गेली आणि १ मे २०२५ पासून ती विदर्भ कोकणही महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. पाटी बदलते, मुख्यालय बदलते. मग देणे नेमके कोणाचे?

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अहेरी-सिरोंचाच्या शाखांसमोर उभे राहून खरे तर केव्हाच मिळायला हवे होते. मे-जूनमध्ये तेंदूपत्त्याचे पैसे आले की त्या ओसरीवर कोण बसलेले असते? सत्तर पाने मोजून एक पुडा बांधणारी, पहाटे तीनला जंगलात शिरणारी माणसे. बँकेच्या तिजोरीत जे असते ते त्यांचे, आमच्यासारख्या पगारदारांचे आणि पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचे असते. बँकेला चेहरा नसतो हे खरे, पण म्हणून तिच्या पैशाला मालक नसतो असे होत नाही. आणि देणेकरी आपला कोणी लागत नाही म्हणून देणे हलके होत नाही. पैगंबर (स.) यांच्या वफातीच्या वेळी त्यांचे चिलखत मदिनेतल्या एका यहुद्याकडे जवाच्या बदल्यात गहाण होते, ही रिवायत प्रसिद्ध आहे. ज्याच्याशी धर्म जुळत नाही त्याच्याशीही व्यवहार लिहून, तारण ठेवून, पाळून केला जात होता.

तिसरे कारण मोठ्यांकडे बोट दाखवण्याचे. मागील पाच आर्थिक वर्षांत बँकांनी १० लाख कोटी रुपयांहून अधिक कर्जे निर्लेखित केली, ही माहिती डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने राज्यसभेत दिली. वर्तमानपत्रात ते वाचून आम्ही पत्नीला म्हणालो होतो, “बघ, आणि आपण अकरा हजारांचा विचार करतो आहोत.” त्याच बातमीत पुढे असे होते की निर्लेखन म्हणजे माफी नव्हे. बँक आपल्या ताळेबंदातून कर्ज काढून टाकते, कर्जदाराची जबाबदारी राहतेच. तो परिच्छेद आम्ही वाचला होता, पण मोठ्याने वाचला नाही. कायद्याचेही तेच. मुदत कायदा १९६३ प्रमाणे साधारण तीन वर्षे उलटली की सावकाराला कोर्टात जाता येत नाही. परंतु देणे तेथे मरत नाही. मुदत संपलेले कर्ज फेडीन असे लेखी वचन कोणी दिले तर १८७२ चा करार कायदा ते वैध मानतो. म्हणजे इंग्रजांनी केलेल्या कायद्यालाही हे समजत होते की दार बंद झाले तरी घर असतेच.

एक गोष्ट बँकेच्या बाजूलाही लागू आहे, ती सांगितली नाही तर हा लेख एकतर्फी होईल. गोरगरिबांची खाती उणे होण्यामागे प्रत्येक वेळी त्यांची नियतखोट नसते. किमान शिल्लक नाही म्हणून दंड, दंड भरला नाही म्हणून शिल्लक शून्याखाली, असे चक्र अनेक वर्षे चालले. अखेर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये सांगितले की केवळ अशा दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये आणि १ एप्रिल २०१५ पासून ते लागू झाले. जनधन खात्यांवरची ओव्हरड्राफ्टची मर्यादा २०१८ साली पाच हजारांवरून दहा हजार झाली. ज्या बाईला ओव्हरड्राफ्ट हा शब्द उच्चारता येत नाही तिच्या खात्यावर ती सोय आहे, हे चांगलेच, पण ते कर्ज आहे हे तिला कोणी सांगते का? जो न समजता बुडाला आणि जो समजून-उमजून गप्प बसला, त्यांना एका मापाने मोजता येणार नाही. आम्ही दुसऱ्या वर्गात मोडतो. तंगीत असलेल्या ऋणकोला सवड द्या, माफ केले तर अधिक चांगले, असे २८० वी आयत धनकोला सांगते. पण ती सवड तंगी असलेल्याची आहे. ती आमच्यासाठी नव्हती.

तर यादी झाल्यावर जानेवारीत आम्ही सिरोंचाला गेलो. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टीचा वैनगंगेवरचा पूल, आलापल्लीचे सागवान आणि पुढे तो खड्ड्यांचा रस्ता. मनात हिशोब चालू होता : मुद्दल द्यायचे, व्याजाबद्दल व्यवस्थापकाशी बोलायचे, तडजोड होते का पाहायचे. थोडक्यात, पश्चात्ताप करायला निघालेला माणूसही घासाघीस करतच निघाला होता. शाखेतला तरुण अधिकारी तेलुगू मुलखातला. त्याने जुना खाते क्रमांक टाकला, स्क्रीनकडे पाहिले, एकदा उठून जुने रजिस्टर काढून आणले आणि म्हणाला, “सर, काही देणे नाही. जुलै २०१२ ला खाते बंद झाले आहे.”

“कोणी भरले?”

“जामीनदाराच्या पगारातून वसुली.”

त्याने उतारा काढून दिला. ऑक्टोबर २००९ पासून दरमहा ६०० रुपये. असे तेहतीस हप्ते. चौतिसावा ६० रुपयांचा. एकूण १९,८६०. त्यात आमच्या ११,३४० वरचे ८,५२० रुपये व्याज, दंडव्याज आणि नोटिशीचा खर्च.

वाचकहो, त्या कागदाकडे पाहताना पहिल्यांदा काय वाटले ते खरे सांगतो. क्षणभर हलके वाटले. देणे नाही! मग ते ६० रुपये दिसले.

जनाजाच्या नमाजची ती रिवायत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. एक मय्यत आणली गेली. पैगंबर (स.) यांनी विचारले, याच्यावर कर्ज आहे का? दोन दिनार, काही रिवायतींत तीन, असे सांगितले गेले. तेव्हा त्यांनी स्वतः नमाज पढवली नाही, तुम्ही पढा असे सोबत्यांना सांगितले. मग अबू कतादा (रजि.) पुढे आले, हे कर्ज माझ्याकडे लागले म्हणाले, आणि नमाज झाली. ही रिवायत आम्ही शुक्रवारच्या बयानात कितीदा ऐकली असेल, आणि दर वेळी आम्ही स्वतःला सफेत उभ्या असलेल्या माणसांत पाहिले, फार तर अबू कतादांच्या जागी. आपण ती मय्यत आहोत, आणि आपल्यासाठी पुढे येणारा माणूस सायकलवरून घरी चाललेला एक गोंड गुरुजी आहे, हे कधी सुचले नाही.

करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी आम्हाला शोधायला हवे होते असे म्हणायची सोय नाही. तिने तर पत्रही पाठवले होते. १४५ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराने जे रीतसर भरले ते मूळ कर्जदाराने त्याला द्यायचे असते. म्हणजे देणे फिटले नव्हते, ते फक्त एका घरातून दुसऱ्या घरात गेले होते. आणि बँकेचे घर सोडून ते अशा माणसाच्या घरी गेले होते ज्याला पोट होते, लेकरे होती, ज्याला आमचे नाव आठवत होते. बँक बंदा नाही म्हणून आम्ही जे टाळले त्याचा हक्कदार एक बंदाच निघाला.

व्याजाच्या युक्तीचे काय झाले तेही पाहा. आम्ही व्याज देणार नव्हतो, कारण ते हराम. ते व्याज नाहीसे झाले नाही. ते गुरुजींनी दिले. आमची परहेजगारी त्यांच्या पगारातून कापली गेली. चंद्रपूरला परतल्यावर आम्ही एका जाणकार मौलवींना विचारले. मुद्दलाबद्दल ते लगेच बोलले, व्याजाबद्दल थोडे थांबले. मग म्हणाले, “बँकेने त्यांच्याकडून काय म्हणून घेतले हा बँकेचा सवाल. तुमच्यामुळे त्यांच्या खिशातून किती गेले, हा तुमचा.” आम्हाला यात शंका उरली नाही. त्यांच्या दृष्टीने ते नुकसान होते, पूर्ण १९,८६०. रुपयाची किंमत घसरल्याचा प्रश्नही मनात आला. २००९ साली तोळाभर सोने पंधरा-सोळा हजारांत मिळे, २०२३ मध्ये ते साठ हजारांच्या घरात होते. बहुतेक फकीह सांगतात की जितके घेतले तितकेच परत, भावाचा फरक धरायचा नाही. पण अट न घालता फेडताना आपल्या खुशीने जास्त देणे ही सुन्नत आहे. म्हणून वर काही घालायचे ठरवले. किती, यावर पत्नीशी वाद झाला. तिचा आकडा आमच्यापेक्षा मोठा होता आणि तोच कायम झाला.

त्या वर्षी हजचा अर्ज भरला नाही.

गुरुजी एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वारले होते. हे आम्हाला सिरोंचालाच कळले. २०११ साली बल्लारपूरला एका लग्नात ते भेटले होते. हप्ते तेव्हा चालू होते. अब्बांची चौकशी केली, अब्बा आदल्या वर्षी गेले म्हटल्यावर हात हातात घेतला. पैशाचा शब्द नाही. चहाचे पैसे आम्ही दिले होते आणि त्यांनी देऊ दिले.

त्यांच्या गावी आम्ही मे २०२४ मध्ये गेलो. तेंदूचा हंगाम होता. फळीवर पुडे वाळत घातलेले, माणसे उन्हातच उलथापालथ करत होती. मुलगा ग्रामसभेचा तेंदूचा हिशोब पाहतो. त्याने खाट टाकली, पाणी दिले. वहिनी आल्या. आम्ही कसे सुरू करावे हे बसमध्ये ठरवले होते, ते सगळे विसरलो. त्यांनीच सुरू केले.

“तुमच्या अब्बाचं आपरेशन होतं ना? ते सांगत. वाचले का मंग?”

“वाचले. सहा वर्षं होते त्यानंतर.”

“मंग पैसा वाया नाही गेला,” त्या म्हणाल्या.

आम्ही उतारा पुढे केला. मुलाने वाचून दाखवला. पैसे मोजताना त्याने १९,८६० वेगळे केले आणि उरलेल्या नोटांकडे पाहून आईला काही गोंडीत विचारले. वहिनींनी मान हलवली. त्या नोटा त्याने आमच्या पिशवीवर ठेवल्या. आम्ही खूप सांगितले. पत्नीने सांगून पाहिले. मग वहिनी सहज, तक्रारीचा सूर नसताना म्हणाल्या, “त्या सालात पोरीले चंद्रपूरले शिकाले ठेवाचं होतं. नाही जमलं. अहेरीलेच शिकली. आता अंगणवाडीत हाये, चांगली हाये.”

ही ओळ कुठल्याच उताऱ्यावर नव्हती. सहाशे रुपयांमुळे की आणखी कशामुळे, हे विचारण्याची आमची हिंमत झाली नाही. माफी मागायची ती ज्यांच्याकडे मागायची ते नव्हते. वहिनींकडे मागितली. त्या म्हणाल्या, “चहा घ्या.”

निघताना मुलगा ग्रामसभेचे पावतीपुस्तक बाजूला ठेवून एक कोरा कागद घेऊन बसला. लेनदेन लिहून ठेवावी हे सांगणारी, कुराणातली सगळ्यांत लांब, २८२ वी आयत आम्हाला पाठ आहे. लिहून देण्याचे मात्र त्याला सुचले, आम्हाला नाही. त्याने रक्कम आकड्यात लिहिली, अक्षरात लिहिली, तारीख घातली. मग थांबून विचारले, “कशाबद्दल, असं काय लिहू?”

आम्ही पत्नीकडे पाहिले. ती अंगणाकडे पाहत होती. तेथे ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता आणि माणसे पोती चढवू लागली होती. मुलगा थोडा वेळ पेन धरून राहिला. मग ‘बाबांचे’ एवढेच लिहून त्याने सही केली आणि उठून पोत्यांकडे गेला.